सोलापूरला खेळायला जाण्याआधी

पोरी, पट मांडताना आधी उजव्या हाताचा कोपरा बघायचा. तिथं पांढरं घर आलं पाहिजे. नसेल आलं तर पट फिरवून घे आणि मगच मोहऱ्यांना हात लाव. वजीर आपल्या रंगाच्या घरात, पांढरा पांढऱ्यात, काळा काळ्यात. राजा त्याच्या शेजारी. एवढं जमलं की दोन्ही राजे आपोआप समोरासमोर येतात. माझे आजोबा मांडायचे तेव्हा मात्र राजासमोर समोरच्याचा वजीर यायचा. ते चुकीचं मांडत नव्हते. तो देशी डाव होता, त्याची मांडणीच तशी.

तुला सांगायचंय ते याच संबंधानं. आपल्या अक्कलकोटात ओट्या-ओट्यावर जे बुद्धिबळ चालतं ते निम्मं देशी आणि निम्मं विलायती. कुणी हत्ती म्हणतं, कुणी कानडीत आने म्हणतं, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते नियमांत. एका घरात पहिल्या खेळीला दोन प्यादी एकेक घर चालवतात, पलीकडच्या आळीत ते चालत नाही. सुट्टीत पोरांची निम्मी भांडणं याच्यावरनं. सोलापूरच्या हॉलमध्ये भांडायला कुणी नसतं. तिथं पंच असतो आणि त्याच्याकडं फिडेचं, म्हणजे जागतिक संघटनेचं नियमपुस्तक असतं. तेव्हा घरातला कोणता नियम घरातच ठेवून जायचा, ते आज ऐकून घे.

देशी डावाला कमी मात्र लेखू नकोस. आळंदच्या पुढं बसवकल्याण आहे ना, तीच चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला. शंभर अध्यायांचा. त्याच्या पाचव्या भागात राजानं खेळायचे खेळ सांगितलेत आणि त्यात बुद्धिबळ आहे. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हा खेळ नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे, हे सोलापुरात कुणी विचारलं तर सांग. नाही विचारणार कुणी, पण तुला माहीत असू दे. त्या जुन्या डावात वजिराला तिरकं एकच घर जाता यायचं. आजच्यासारखा पटभर धावणारा वजीर झाला तो युरोपात, पंधराव्या शतकाच्या शेवटी. प्याद्याची पहिली दोन घरांची चालही तिकडचीच.

दोन्हीकडचा मेळ घालायचा प्रयत्नही आपल्याकडं फार आधी झाला. तिरुवेंगडाचार्य नावाच्या शास्त्रीबुवांचं बुद्धिबळावरचं पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत आणून १८१४ साली मुंबईत छापलं, आणि त्यातले डाव युरोपी नियमांना जुळवून दिले होते. तेव्हा पुण्यात दुसरे बाजीराव गादीवर होते. आणि मीर सुलतान खान हे नाव लक्षात ठेव. पंजाबातला हा माणूस देशी डावात वाढला, विलायती नियम १९२६ च्या सुमारास शिकला आणि १९२९ मध्ये इंग्लंडला जाऊन तिथला राष्ट्रीय विजेता झाला. पुढं १९३२ आणि १९३३ लाही तोच. मोठेपणी नियम बदलूनही माणूस एवढा चढतो. तुला तर चार-पाच गोष्टीच सोडायच्या आहेत.

पहिली गोष्ट कॅसलिंग, म्हातारे ज्याला किल्लेकोट म्हणतात ते. तुला परवा कुणीतरी सांगितलं की राजाला एकदा शह बसला की कॅसलिंग गेलं. साफ खोटं. ही समजूत देशी डावातून आली असावी. तिथं राजाला डावात एकदाच घोड्याची उडी मारायची मुभा असे आणि शह बसला की ती मुभा जाई. फिडेच्या नियमात तसं नाही. शह बसला, तू मध्ये उंट घालून तो मोडलास, राजा जागचा हलला नाही, तर पुढं खुशाल कॅसलिंग कर. काय चालत नाही ते ऐक. राजा किंवा त्या बाजूचा हत्ती आधी एकदा जरी हलला असेल तर नाही, परत जागेवर आला असला तरी नाही. मध्ये कुणी उभं असेल तर नाही. शहात असताना नाही. आणि राजा ज्या घरावरून जाणार किंवा ज्या घरात बसणार, तिथं समोरच्याचा मारा असेल तर नाही. हत्तीवर मारा असला तर चालतं. लांबच्या बाजूला हत्तीच्या शेजारच्या घरावर मारा असला तरी चालतं, कारण त्या घरातून फक्त हत्ती जातो. हे शेवटचं कितीतरी मोठ्या माणसांना ठाऊक नसतं, म्हणून तुला कुणी अडवलं तर घाबरू नकोस.

आणि हात आधी राजाला लाव. राजा दोन घरं सरकव, मग त्याच हातानं हत्ती उचलून राजाच्या पलीकडं ठेव. आधी हत्तीला हात लावलास तर पंच हत्तीचीच खेळी खेळायला लावेल, कॅसलिंग होणार नाही. घरात आपण दोन्ही हातांनी दोन्ही मोहरे एकदम उचलतो, ती सवय आजपासून बंद.

हाताचं निघालंच आहे तर ऐक. ज्या मोहऱ्याला हात लागला तो खेळायचा; समोरच्याच्या मोहऱ्याला लागला तर तो मारायचा, मारता येत असेल तर. सोडला की खेळी झाली. घरी आजीशी खेळताना तू 'थांब थांब, परत' म्हणतेस, ते तिथं नाही. मोहरा वाकडा बसलाय म्हणून नीट करायचा असेल तर आधी तोंडानं 'ॲडजस्ट' म्हणायचं आणि मग बोट लावायचं, तेही तुझी पाळी असताना. तू विचारलं होतंस, शहात असताना भलत्याच मोहऱ्याला हात लागला तर? त्या मोहऱ्यानं शह मोडता येत असेल तर त्यानंच मोडायचा. येत नसेल तर तू मोकळी, कुठलीही नियमातली खेळी कर. विचार करताना हात मांडीखाली ठेवायचे, ही युक्ती लहान वाटते, पण मोहरे वाचवते.

शह दिला की ओरडून सांगायचं, हाही घरचाच रिवाज. काही घरांत तर वजिरावर मारा आला तरी सांगतात. हॉलमध्ये कुणी सांगत नाही आणि तूही सांगायचं नाहीस. म्हणून समोरच्याची प्रत्येक खेळी झाल्यावर स्वतःलाच विचार: हा मोहरा इथं का आला, आणि तो जिथून उठला तिथून मागच्या कुणाची वाट मोकळी झाली? दुसरा प्रश्न पोरं विसरतात. राजा स्वतः समोरच्या राजाला शह देऊ शकत नाही, दोन राजे शेजारी येतच नाहीत; पण राजा बाजूला सरकून मागच्या हत्तीचा शह उघडू शकतो. ज्यानं फक्त हललेल्या मोहऱ्याकडं बघितलं त्याला हे दिसतच नाही.

राजा मारायचा मात्र नाही, कधीच. समोरच्यानं शह न बघता दुसरंच काही खेळलं तर त्याचा राजा उचलून हसायचं नाही. घड्याळ थांबव, हात वर कर, पंचाला बोलाव. नियमबाह्य खेळी परत घेतली जाते. मोठ्या वेळेच्या डावात पहिल्यांदा तुला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि दुसऱ्यांदा त्यानं तसंच केलं तर सहसा तो डाव हरतो.

आता प्यादं. आजोबांच्या डावात प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या घरात पोचलं त्याच घरचा मोहरा व्हायचं: घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. काही घरांत अजून म्हणतात की मेलेलाच मोहरा परत मिळतो. दोन्ही विसर. प्यादं कुठल्याही घरातून पोचू दे, तुला हवा तो मोहरा घे. राजा आणि प्यादं सोडून. पहिला वजीर पटावर असला तरी दुसरा घेता येतो, तिसराही. पेटीत एकच वजीर असतो म्हणून पोरं उलटा हत्ती ठेवून त्याला वजीर म्हणतात. हे अजिबात करू नकोस. २०१७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेता ठरवायच्या झटपट डावात एका कसलेल्या खेळाडूनं घाईत असाच उलटा हत्ती ठेवला. मेलेला वजीर प्रतिस्पर्ध्याच्या हातात होता, टेबलावर दिसलाच नाही. पंचानं उलटा हत्ती हत्तीच धरला, डाव गेला आणि विजेतेपदही गेलं. वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचाकडं माग. तो आणून देईल. त्याचं कामच आहे ते.

एक चाल आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून पटत नाही. तुझं प्यादं पाचव्या ओळीत आहे, शेजारच्या रांगेतलं समोरचं प्यादं एकदम दोन घरं उडी मारून तुझ्या बरोबरीला आलं, तर ते एकच घर आलं असं समजून तू त्याला तिरकं मारू शकतेस. याला आँ पासाँ म्हणतात. लगेच पुढच्याच खेळीत मारायचं, नंतर हक्क गेला. देशी डावात प्यादं दोन घरं जातच नव्हतं, त्यामुळं हे लागतच नव्हतं. तिकडं दोन घरांची चाल आल्यावर प्यादी मारा चुकवून निसटायला लागली, म्हणून हा तोडगा. पारावर कुणी 'ही कसली चोरी' म्हणालं तर वाद घालत बसू नकोस. तिथं खेळू नकोस ही चाल, झालं.

आता मात. चार खेळ्यांची मात प्रत्येक हॉलमध्ये कुणीतरी करायला बघतंच, म्हणून ती नीट बघून ठेव. पट काढ. तू काळी. पांढऱ्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं काढलं, तूही काढलंस. त्याचा वजीर लगेच एच-५ वर आला. तुझ्या ई-५ च्या प्याद्यावर मारा आहे. इथं घाबरून जी-६ ला प्यादं सरकवायचं नाही. वजीर ई-५ चं प्यादं शहासकट मारेल आणि पुढच्या खेळीत कोपऱ्यातला हत्ती घेईल. घोडा सी-६ ला काढून प्यादं राख. मग त्याचा उंट सी-४ ला येईल. आता उंट आणि वजीर दोघांचा डोळा एफ-७ च्या प्याद्यावर आहे, आणि त्या प्याद्याला राखणारा राजा सोडून कुणी नाही. इथं बरीच पोरं वजिराला हुसकावायला घोडा एफ-६ ला काढतात आणि संपतात. आता जी-६ ला प्यादं सरकव. वजीर मागं एफ-३ ला जाऊन पुन्हा एफ-७ वरच टपेल. आता घोडा एफ-६ ला. त्याची वाट बंद, तुझे दोन घोडे बाहेर, आणि त्याचा वजीर दोनदा हलून काही मिळवलं नाही. इथून पुढं घाई त्याला आहे, तुला नाही.

तू स्वतः मात्र ही मात करायला जाऊ नकोस. लागली तर दोन मिनिटं मजा. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याच्यापुढं आपलाच वजीर पळत सुटतो.

मोहऱ्यांची किंमत तुला पाठ आहे: प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. पण ती बाजारातल्या भावासारखी आहे, जागेवर ठरते. कोपऱ्यातल्या घोड्याला दोनच घरं, कडेच्या मधोमध चार, पटाच्या मध्यात आठ. तोच घोडा, पण कोपऱ्यात पाव. उंट सगळा डाव एकाच रंगाच्या घरांत काढतो, म्हणून तुझा पांढऱ्या घरांतला उंट गेला की पांढरी घरं जास्त राखायला लागतात.

आणि मोहरा देऊन मोहरा घेताना शेवटी काय उरतं ते आधी मोज. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये काय झालं ते तू मोबाईलवर बघितलंसच. चौदावा, शेवटचा डाव. गुकेश काळा, डिंग लिरेन पांढरा. डाव बरोबरीकडं चालला होता. पंचावन्नाव्या खेळीला डिंगनं हत्ती एफ-२ ला नेला, हत्तीची अदलाबदल करायला. त्याचा उंट कोपऱ्यात अडकला होता. गुकेशनं हत्ती घेतला, राजानं परत मारलं, मग गुकेशनं उंटही समोर आणून तोही देऊन घेतला. उरली नुसती प्यादी आणि दोन राजे, आणि त्या हिशोबात गुकेशचं एक प्यादं जास्त. जगज्जेता तिथं चुकला. 'सारखाच मोहरा देतोय, काय बिघडतंय' असं मनात आलं की हात मागं घे आणि परत बघ.

जिंकत आलेला डाव बरोबरीत घालवणं हे आपल्या पोरांचं खास दुखणं. समोरच्याला शह नाही आणि नियमातली एकही खेळी उरली नाही, तर डाव बरोबरी, स्टेलमेट. एकट्या राजाला वजिरानं कोपऱ्यात रेटताना हे होतं. खूण सांगतो: राजा कोपऱ्यात असताना आपला वजीर त्याच्यापासून अडीच घरांवर, म्हणजे घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर ठेवायचा नाही. त्याचा राजा ए-८ ला आणि तुझा वजीर सी-७ ला, बघ मांडून. तिन्ही घरं बंद आणि शह नाही. अर्धा गुण गेला. म्हणून वजिरानं त्याला कडेच्या ओळीत कोंडून ठेव, किमान दोन घरं त्याला हलायला राहू दे, आणि मग आपला राजा चालत घेऊन ये. वजीर एकटा मात करत नाही.

इथंच दुसरी घरची समजूत. 'एकटा राजा उरला की सोळा खेळ्यांत मात कर, नाहीतर बरोबरी.' कुणाकडं सोळा, कुणाकडं एकवीस. फिडेचा आकडा पन्नास: दोघांच्याही शेवटच्या पन्नास खेळ्यांत कुणी काही मारलं नाही आणि प्यादंही हललं नाही, तर बरोबरी मागता येते. तीच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी, तिसऱ्यांदा आली तरी मागता येते. आपोआप मिळत नाही, मागावी लागते. आणि तुझी वेळ संपली पण समोरच्याकडं नुसता राजा असेल तर तू हरत नाहीस, बरोबरी होते. हे तर तुला माहीत असायलाच हवं, कारण तू वेळेत कच्ची आहेस.

घड्याळ ज्या हातानं मोहरा हलवलास त्याच हातानं दाबायचं. बरोबरी विचारायची असेल तर आपली खेळी करून, घड्याळ दाबण्याआधी, एकदाच विचार. सारखं विचारून समोरच्याला त्रास द्यायचा नाही. खेळी आधी पटावर, मग कागदावर. मोबाईल बापाकडं देऊन आत जा, खिशात वाजला तरी डाव गेला.

मुलगी म्हणून कुणी समोर बसताना नाक मुरडलं तर लक्ष देऊ नकोस. मुंबईच्या खाडिलकर बहिणींचं तुला सांगितलंय. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ला झाली ती वासंतीनं जिंकली. जयश्री १९७९ ला देशातली पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर. आणि धाकटी रोहिणी १९७६ ला, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ झाला! प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की बायकांना अडवता येणार नाही. १९८१ ला हैदराबादेत रोहिणी आशियाई विजेती झाली. आता २०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा मात्र कुणी कोर्टाचं नाव काढलं नाही.

सकाळची एसटी धर, गुरुवार असेल तर आणखी आधीची; दर्शनाच्या गर्दीनं स्टँड भरलेला असतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर ने, दोन फेऱ्यांच्या मध्ये तेलकट खाऊ नकोस, झोप येते. दोन पेन घे. शंका आली तर पंचाला विचार; हात वर करून विचारणाऱ्याला कुणी हसत नाही, आणि हसलं तरी नियम तुझ्या बाजूनं आहे.

डाव संपला की खेळ्यांच्या कागदावर दोघांच्या सह्या होतात. सही करण्याआधी निकाल वाच. घाईत उलटा लिहिला गेला आणि तू सही केलीस, तर पंचानं वेगळं ठरवेपर्यंत तोच निकाल धरला जातो.